वरच्या क्रमांकाचा सोस

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस नव्या खेळाडूंची जी निवड होते, तिच्याबद्दल एक मत वर्षानुवर्षे इतक्या ठामपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. ते मत असे, की ज्या संघाला आपले नशीब पालटू शकणारा खेळाडू दिसला आहे त्याने वाट्याला आलेल्या क्रमांकाची वाट पाहत बसू नये, हाताशी असेल ते देऊन वरचा क्रमांक मिळवावा आणि तो खेळाडू पदरात पाडून घ्यावा. जो संघ असे करत नाही तो भित्रा, आणि जो उलट खाली उतरून जादा क्रमांक गोळा करतो तो हिशेबी पण ध्येयहीन, असा शेराही या मताला जोडूनच येतो. हे मत चुकीचे आहे, आणि ज्या दुबळ्या संघांना ते सर्वांत जास्त भुरळ घालते त्यांनाच ते सर्वांत महाग पडते, हे दाखवणे हा या विवेचनाचा उद्देश आहे.

येथे फुटबॉल म्हणजे भारतात त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन पळत वा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा अमेरिकन खेळ, हे आधी सांगितले पाहिजे. आयपीएलच्या लिलावात खेळाडू कोणाकडे जाणार हे बोलीवर ठरते. एनएफएलच्या या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, बोली नसते, पाळी असते. एकूण ३२ संघ सात फेऱ्यांत आपापल्या पाळीने खेळाडू निवडतात, आणि प्रत्येक फेरीत आधीच्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याची पाळी सर्वांत आधी व विजेत्याची सर्वांत शेवटी येते. या रचनेमागे एक न्यायबुद्धी आहे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना इतर मालकांपुढे मांडली, कारण महाविद्यालयातून बाहेर पडणारे उत्तम खेळाडू अधिक पैसे आणि अधिक नाव असलेल्या संघांकडे जात, त्यामुळे तेच संघ पुन्हा जिंकत, आणि तळाच्या संघाला वर येण्याची वाटच उरत नसे. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियात झाला आणि त्यातला पहिला क्रमांक बेल यांच्याच संघाला मिळाला, कारण तोच तळाशी होता. त्या क्रमांकावर निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. क्रमांक हाती असणे आणि खेळाडू हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ड्राफ्टने पहिल्याच दिवशी दाखवून दिले होते.

संघांना आपले क्रमांक एकमेकांशी बदलता येतात, आणि वादाचा मूळ विषय तोच आहे. एखादा संघ आपला नववा क्रमांक, त्याबरोबर पुढच्या फेऱ्यांतले काही क्रमांक आणि बहुधा पुढील वर्षाच्या पहिल्या फेरीचा क्रमांकही देऊन दुसऱ्याचा पहिला वा दुसरा क्रमांक घेतो, तेव्हा तो वर चढतो. देणारा तितकाच खाली उतरतो आणि त्या उतरण्याचा मोबदला घेतो. हे सौदे जुळवताना वापरला जाणारा सर्वांत प्रसिद्ध तक्ता १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस, जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना, डॅलस काउबॉइज या संघात तयार झाला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण आहेत, सोळाव्याला १००० आणि बत्तिसाव्याला ५९०. म्हणजे तक्त्याच्या मते पहिला एक क्रमांक हा सोळाव्यासारख्या तीन क्रमांकांच्या तोडीचा. हे आकडे पूर्वी झालेल्या सौद्यांवरून बांधलेले होते, ही गोष्ट समर्थक सहसा लक्षात घेत नाहीत. संघ एखाद्या क्रमांकासाठी काय मोजतात एवढेच त्या तक्त्यावरून कळते. त्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू मैदानावर काय करतो याविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणून तक्त्याप्रमाणे सौदा बरोबरीचा झाला, हे वर चढण्याचे समर्थन होऊ शकत नाही. सगळा बाजार एखादी वस्तू चढ्या भावाने घेत असेल तर बाजारभावाने घेणाराही फसतोच.

बाजार खरोखरच चढा आहे काय, याचा शोध केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी घेतला. त्यांपैकी थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची पद्धत समजून घेण्यासाठी एनएफएलमधील पगारमर्यादा लक्षात घ्यावी लागते. १९९४ मध्ये लागू झालेल्या या मर्यादेनुसार प्रत्येक संघाला खेळाडूंच्या वेतनावर ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, त्यामुळे एखाद्या खेळाडूचे खरे मोल म्हणजे त्याची कामगिरी नव्हे, तर त्या कामगिरीच्या किमतीतून त्याचे वेतन वजा करून उरणारी शिल्लक होय, कारण ती शिल्लकच संघाला इतरत्र खर्चता येते. या मापाने पाहता सर्वाधिक शिल्लक पहिल्या फेरीच्या माथ्यावर आढळली नाही, ती त्या फेरीच्या शेवटी आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभी आढळली. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा निष्कर्ष असा, की एकाच जागी खेळणाऱ्या आणि एकापाठोपाठ एक निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचितच अधिक असते.

समर्थकांचा पहिला गंभीर आक्षेप या अभ्यासाच्या काळावर आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात तपासलेले ड्राफ्ट २०११ पूर्वीचे आहेत, आणि त्या वर्षीच्या श्रमकराराने नव्या खेळाडूंचे वेतन क्रमांकानुसार बांधून टाकले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी असलेला करार मिळाला होता. एकाच वर्षाने त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करार सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचा झाला. तेव्हा वरचे क्रमांक आता स्वस्त झाले, शिल्लक माथ्याकडे सरकली, आणि जुना निष्कर्ष कालबाह्य झाला, असे म्हटले जाते. यातला पहिला भाग खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष समर्थकांच्या उपयोगाचा नाही, कारण वेतन घटल्यामुळे वरचा क्रमांक अधिक मोलाचा झाला असेल, तर तो ज्याच्या हाती आधीपासून आहे त्याच्यासाठी झाला. जो तो विकत घेणार आहे त्याला ते वाढलेले मोल विक्रेत्याला मोजूनच द्यावे लागते. शिवाय ५२ टक्क्यांचा जो आकडा आहे त्याचा वेतनाशी काही संबंध नाही. करार स्वस्त झाले म्हणून तरुणांची पारख करणाऱ्यांची दृष्टी तीक्ष्ण झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरा युक्तिवाद क्वार्टरबॅकचा आहे, आणि सर्व समर्थन शेवटी तेथेच येऊन टेकते. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची प्रत्येक चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू; तो चांगला नसेल तर बाकीचा संघ कितीही सशक्त असला तरी अजिंक्यपद दूर राहते, हे मान्य केले पाहिजे. मग त्याच्यासाठी कोणतीही किंमत जास्त कशी, असा प्रश्न केला जातो आणि पुरावा म्हणून पॅट्रिक महोम्सचे नाव घेतले जाते, ज्याच्यासाठी कॅन्सस सिटीचा संघ २०१७ मध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर चढला आणि ज्याने त्या संघाला पुढे तीन वेळा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकून दिला. पण त्याच ड्राफ्टचे उरलेले चित्र समर्थक सांगत नाहीत. त्या दिवशी तीन संघ क्वार्टरबॅकसाठी वर चढले. त्यांपैकी शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी, म्हणजे अवघी एक पायरी चढण्यासाठी, त्या वर्षीचे तिसऱ्या व चौथ्या फेरीचे क्रमांक आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा क्रमांक दिला, आणि महोम्स व डेशॉन वॉटसन हे दोघेही उपलब्ध असताना मिचेल ट्रुबिस्कीला निवडले. चार हंगामांनंतर शिकागोने त्याला जाऊ दिले. खात्री शिकागोलाही होती. किंबहुना एका पायरीसाठी तीन क्रमांक देणाऱ्या संघाची खात्री कॅन्सस सिटीपेक्षा कमी होती असे मानायला कसलाच आधार नाही. खात्रीची तीव्रता आणि निर्णयाची अचूकता यांच्यात नाते असते, या गृहीतावर वर चढण्याची सर्व भिस्त आहे, आणि ते नाते कोठे दिसत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ मध्ये या संघाने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीचे क्रमांक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक क्रमांक मायामीला दिला व ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतले. लान्सने त्या संघासाठी चार सामन्यांत सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका क्रमांकाच्या बदल्यात तो डॅलसला दिला गेला. ज्याने या संघाला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले तो ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेलेला खेळाडू होता. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पर्डीच्या किंवा २००० साली १९९ व्या क्रमांकावर मिळालेल्या टॉम ब्रेडीच्या दाखल्याने शेवटच्या फेरीत क्वार्टरबॅक शोधावा असे सिद्ध होत नाही. ज्या संघांनी त्यांना निवडले त्यांनाही आपण काय निवडले हे ठाऊक नव्हते, नाहीतर त्यांनी इतका उशीर केला नसता. या दाखल्यांवरून सिद्ध होते ते एवढेच, की कोण काय ठरेल हे आधी ओळखण्याची ताकद कोणत्याच संघापाशी पुरेशी नाही, आणि जेथे ओळख अपुरी असते तेथे एका मोठ्या संधीपेक्षा चार मध्यम संधी अधिक मोलाच्या असतात. न्यू इंग्लंडने २०१३ मध्ये आपला एकोणतिसावा क्रमांक मिनेसोटाला देऊन चार खालचे क्रमांक घेतले, आणि त्यांतील दोनांवर मिळालेले जेमी कॉलिन्स व लोगन रायन फेब्रुवारी २०१५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होते. त्या चारांपैकी तिसऱ्यावर घेतलेला खेळाडू पुढे कधी फारसा दिसला नाही, तरी त्यामुळे न्यू इंग्लंडचे फारसे काही बिघडले नाही.

मात्र वर चढण्याचा सर्वांत मोठा दोष खेळाडू चुकण्यात नाही. खेळाडू प्रत्येकाचा चुकतो. दोष आहे तो पुढील वर्षाचा क्रमांक देण्यात, आणि या मुद्द्यापाशी थांबणे भाग आहे, कारण समर्थक नेमका तोच घाईने उरकतात. सौद्यांची जुनी वहिवाट अशी, की या वर्षीच्या दुसऱ्या फेरीचा क्रमांक हवा असेल तर पुढील वर्षीचा पहिल्या फेरीचा द्यावा. एका वर्षाच्या उधारीवर एक पूर्ण फेरी व्याज. मॅसी व थेलर यांनी या वहिवाटीतून निघणारा व्याजदर मोजला तेव्हा तो वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक भरला. एखाद्या शेतकऱ्याने या दराने कर्ज काढले तर त्याच्या घरी कोणी अभिनंदनाला जाणार नाही, पण ड्राफ्टच्या दिवशी हेच कर्ज धाडस म्हणून गौरवले जाते. शिवाय कर्जाची रक्कम निदान ठाऊक असते. पुढील वर्षीच्या क्रमांकाची किंमत तर घेणाऱ्याच्याच पुढच्या कामगिरीवर ठरते, आणि ती जितकी वाईट तितके देणे वाढते.

हे घडते की नाही ते पाहावे. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सने रिकी विल्यम्स या धावपटूसाठी बाराव्या क्रमांकावरून पाचव्यावर येताना त्या वर्षीचे आपले सगळे क्रमांक आणि पुढील वर्षीचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे क्रमांक वॉशिंग्टनला दिले. न्यू ऑर्लिन्सने १६ पैकी १३ सामने गमावले आणि दिलेला क्रमांक दुसरा निघाला. २०१२ मध्ये त्याच वॉशिंग्टनने, जणू आपल्याच लाभाचा धडा विसरून, रॉबर्ट ग्रिफिनसाठी पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे क्रमांक सेंट लुइसच्या रॅम्सना दिले. ग्रिफिनने पहिल्या हंगामात सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान मिळवला, नंतर त्याचा गुडघा जायबंदी झाला, २०१३ मध्ये वॉशिंग्टनने १६ पैकी १३ सामने गमावले आणि दिलेला क्रमांक पुन्हा दुसरा निघाला. २०१६ मध्ये रॅम्स जॅरेड गॉफसाठी पहिल्या क्रमांकावर चढले आणि त्यांनी टेनेसीला दिलेला पुढील वर्षीचा क्रमांक पाचवा निघाला. त्याच सौद्यात मिळालेल्या पंचेचाळिसाव्या क्रमांकावर टेनेसीने घेतलेला डेरिक हेन्री २०२० च्या हंगामात दोन हजार यार्डांहून अधिक धावला. २०१७ मध्ये वॉटसनसाठी चढलेल्या ह्यूस्टनचा पुढील वर्षीचा क्रमांक चौथा निघाला. हे संघ दुर्दैवी होते असे म्हणून सुटका होत नाही. त्यांतले बहुतेक दुबळे होते म्हणूनच वर चढले, वर चढताना आणखी दुबळे झाले, आणि दुबळेपणाची भरपाई म्हणून बेल यांच्या नियमाने त्यांना जे मिळायचे ते त्यांनी आधीच देऊन टाकले होते. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाणाऱ्या घराला पुढचा पाऊस कितीही चांगला झाला तरी उपयोगाचा नसतो.

इतके उघड नुकसान असूनही हे सौदे का होतात, याचे उत्तर निर्णय घेणाऱ्यांच्या नोकरीत आहे. प्रशिक्षकाला आणि खेळाडूंची निवड करणाऱ्या व्यवस्थापकाला जिंकण्यासाठी मिळणारा अवधी अल्प असतो. तीन वर्षांनंतरचा क्रमांक वापरायला आपण असू याची त्यांना शाश्वती नसते, आणि म्हणून तो क्रमांक त्यांच्या दृष्टीने स्वतःचा नसतो, उत्तराधिकाऱ्याचा असतो. न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिट्का यांना १९९९ च्या हंगामानंतर काढले गेले. वॉशिंग्टनचे माइक शानाहान २०१३ च्या हंगामानंतर गेले. दिलेल्या क्रमांकावर दुसऱ्यांनी खेळाडू निवडले तेव्हा ते देणारे त्या पदावर नव्हते. मालक, खेळाडू आणि वर्षानुवर्षे तिकिटे काढणारे त्या शहरातील प्रेक्षक मात्र तेथेच होते, आणि देणे त्यांनी फेडले. ज्याला परतफेड करायची नाही त्याने काढलेल्या कर्जाला धाडस हे नाव देणे हा त्या प्रेक्षकांवरचा अन्याय आहे.

खाली उतरणे म्हणजे यशाची हमी, असा दावा येथे केलेला नाही, आणि समर्थक क्लीव्हलँडचे नाव घेतात तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. २०११ मध्ये क्लीव्हलँडने ज्युलिओ जोन्स हवा असलेल्या अटलांटाला सहावा क्रमांक देऊन दोन वर्षांतले पाच क्रमांक घेतले आणि ते वाया घालवले. त्यांपैकी एकावर २८ वर्षांचा क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन निवडला, जो तेथे दोनच हंगाम टिकला. २०१६ मध्ये ज्यावर कार्सन वेंट्झ निवडला गेला तो दुसरा क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन हाच संघ पुन्हा खाली उतरला आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत मिळून त्याने ३२ पैकी एक सामना जिंकला. क्रमांक जमवणे हे काम अर्धेच आहे. जमवलेल्या क्रमांकांवर माणसे पारखावी लागतात आणि त्यांना घडवावे लागते. पण ज्या संघाला पाच क्रमांकांवर एकही खेळाडू नीट पारखता येत नाही त्याने आपली सर्व मत्ता एकाच क्रमांकावर लावावी, असा निष्कर्ष यातून कसा निघतो, हे समर्थकांनी अजून स्पष्ट केलेले नाही.

वर चढून भले झालेल्या संघांकडे नीट पाहिले तर त्यांच्यात एक साम्य आढळते. १९८५ मध्ये जेरी राइससाठी अठ्ठाविसाव्या क्रमांकावरून सोळाव्यावर आलेला सॅन फ्रान्सिस्कोचा संघ तेव्हा गतविजेता होता. जोन्ससाठी चढलेल्या अटलांटाने आधीच्या हंगामात १६ पैकी १३ सामने जिंकले होते, आणि महोम्ससाठी चढलेल्या कॅन्सस सिटीने १२. महोम्सला तर पहिला हंगाम बहुतांशी बाकावर बसून शिकता आले, कारण संघाकडे ॲलेक्स स्मिथसारखा अनुभवी क्वार्टरबॅक होता. अशा संघाचा पुढील वर्षीचा क्रमांक बहुधा विसाच्या पुढेच पडतो, म्हणून तो देताना फारसे काही जात नाही, आणि खेळाडू चुकला तरी घर उभे राहते. २०२३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर चढून विल अँडरसन या बचावपटूला घेणारा ह्यूस्टनचा दुबळा संघ हा याला खरा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणून मान्य केला पाहिजे. मात्र ह्यूस्टनने त्या आधी आपल्याच दुसऱ्या क्रमांकावर, कोणालाही काही न देता, क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडला घेतले होते. वर चढणे हा ज्याचे घर भरलेले आहे त्याने क्वचित करायचा खर्च आहे. रिकाम्या घराचा तो उपाय नव्हे, आणि तळाच्या संघाने आपल्या क्रमांकावर थांबावे किंवा चांगला मोबदला मिळत असेल तर खाली उतरावे, हाच त्याच्या हिताचा मार्ग आहे.

त्याच २०२३ च्या ड्राफ्टमध्ये स्ट्राउडच्या आधी एकच खेळाडू निवडला गेला होता. कॅरोलिनाने नवव्या क्रमांकावरून पहिल्यावर येण्यासाठी शिकागोला तो नववा क्रमांक, दुसऱ्या फेरीचा एकसष्टावा, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि शिवाय डी. जे. मूर हा आपला उत्तम झेलपटू दिला व ब्राइस यंगला निवडले. स्ट्राउड त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. कॅरोलिनाने १७ पैकी दोन सामने जिंकले, नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक फ्रँक राइक यांना आणि जानेवारीत व्यवस्थापक स्कॉट फिटरर यांना काढून टाकले, आणि सर्व संघांत सर्वांत तळाचे स्थान मिळवून बर्ट बेल यांच्या नियमानुसार २०२४ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक कमावला. एप्रिलमध्ये डेट्रॉइट येथे त्या क्रमांकावर शिकागोने केलेब विल्यम्सची निवड केली.